जडत्व कोठून येते? : डॉ. नारळीकरांचा मतभेद आणि आपण

(नागपूर येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



एस.टी.ची गाडी वेगात असता चालकाने एकाएकी ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. कारण विचारले तर विद्यार्थी 'जडत्व' असे उत्तर देतो आणि आपण त्याला पूर्ण गुण देतो. परंतु एखाद्याने उठून विचारले, "गुरुजी, हे जडत्व येते कोठून?" तर आपल्यापैकी बहुतेकांची अडचण होईल. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. या प्रश्नापाशी न्यूटन थांबला, आइन्स्टाइनही थांबला. त्याचे स्वतंत्र उत्तर शोधण्याचा धाडसी प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर हे होते.

बादली आणि तारे

न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात एक साधा प्रयोग दिला आहे. पाण्याची बादली दोरीला टांगावी, दोरीला पीळ द्यावा व सोडावी. प्रथम बादली फिरते, पाणी मात्र स्थिर व सपाट असते. पुढे पाणीही फिरू लागते आणि मध्यभागी खोलगट होते. आता बादली धरून थांबविली तरी फिरते पाणी खोलगटच राहते. अर्थात हा खोलगटपणा बादलीच्या सापेक्ष असलेल्या गतीवर अवलंबून नाही. मग तो कशाच्या सापेक्ष? न्यूटनने उत्तर दिले : निरपेक्ष अवकाशाच्या.

१८८३ साली अर्न्स्ट माख याने यावर आक्षेप घेतला. जे अवकाश दिसत नाही, ज्याला स्पर्श करता येत नाही, त्यास कारण कसे मानावे? पाणी फिरते ते दूरच्या तारकांच्या सापेक्ष. तेव्हा जडत्वाचे मूळही विश्वातील समग्र द्रव्यात असले पाहिजे.

ही कल्पना केवळ तत्त्वज्ञानाची नव्हे. आपल्या नागपुरात उंच छताला जड गोळा टांगून झुलत ठेवला, तर त्याच्या झोक्याचे प्रतल तासाला सुमारे साडेपाच अंश फिरताना दिसेल व सुमारे ६६ तासांत एक फेरी पुरी करील. येथे फिरते ती आपल्या पायाखालची जमीन. झोक्याची दिशा दूरच्या तारकांशी इमान राखते. असा लंबक पुण्याच्या 'आयुका' संस्थेत आहे.

विजेच्या वाटेने गुरुत्वाकडे

दोन विद्युत्भार एकमेकांवर दुरून परिणाम कसा करतात, याविषयी एकोणिसाव्या शतकात दोन पक्ष होते. जर्मनीत वेबरने १८४६ साली दोन भारांमधील थेट क्रियेचे सूत्र मांडले. इंग्लंडमध्ये फॅरडे व मॅक्सवेल यांनी मधल्या जागेतील 'क्षेत्र' हे माध्यम मानले. क्षेत्राचा पक्ष विजयी झाला. तरीही १९४५ साली व्हीलर व फाइनमन यांनी थेट क्रियेची कल्पना नव्या रूपात पुढे आणली. त्यांच्या मते येथे दिवा पेटतो तेव्हा त्या घटनेत विश्वातील सर्व शोषक द्रव्याचा वाटा असतो.

केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या तरुण नारळीकरांनी हा विचार प्रसरणशील विश्वाला लावला. पुढे गुरुशिष्यांनी तीच पद्धत गुरुत्वाकर्षणाकडे नेली आणि जून १९६४ मध्ये आपला सिद्धान्त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्याचे सार असे : कोणत्याही कणाचे वस्तुमान ही त्याची एकट्याची मिळकत नव्हे. विश्वातील इतर सर्व कणांनी मिळून ते त्याला दिलेले असते. भोवतीचे विश्व रिकामे केले, तर कणाला वस्तुमान उरणार नाही. कणांची संख्या अफाट असेल, तर हीच समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांपर्यंत पोहोचतात. गुरुत्व ओढते, ढकलत नाही, हेही या मांडणीतून आपोआप निघते. भारतात या वार्तेने मोठा उत्साह निर्माण झाला व १९६५ साली नारळीकरांना पद्मभूषण देण्यात आले.

कसोटी

परंतु सन्मान म्हणजे सिद्धता नव्हे. त्याच वर्षी स्टीफन हॉकिंग या तरुण संशोधकाने दाखवून दिले की, प्रसरणशील विश्वात या सिद्धान्तातील एक बेरीज अनंत होते. त्याच वर्षी पेन्झियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले, आणि हॉइल यांच्या स्थिर स्थिती विश्वाचा आधार खचला. नारळीकरांनी हार मानली नाही. १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित मांडणी केली. तीही बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही.

आइन्स्टाइनचा सिद्धान्त मात्र एकेक परीक्षा उतरत गेला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय तरंगांची प्रथम नोंद झाली. अशा तरंगांचा वेध घेणाऱ्या भारतातील प्रयोगशाळेसाठी आपल्याच राज्यातील हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसर निवडण्यात आला असून केंद्र शासनाने २०२३ साली तिच्या उभारणीस मंजुरी दिली.

मतभेद कसा करावा?

मग अमान्य राहिलेल्या सिद्धान्ताची ही कथा आपण का ऐकावी? "न्यूटन चुकला, आइन्स्टाइन चुकला" असे सांगत एखादा गृहस्थ पत्रके घेऊन उद्या आपल्या शाळेत किंवा पंचायतीत येईल. त्याला हाकलून द्यावे की टाळ्या वाजवाव्यात? नारळीकरांचे उदाहरण तिसरा मार्ग दाखविते. ज्या सिद्धान्ताशी मतभेद करावयाचा तो त्यांनी आधी पूर्ण आत्मसात केला. आपले म्हणणे गणितात मांडले, जाणत्यांपुढे ठेवले आणि निरीक्षणाची कसोटी मान्य केली. तेव्हा त्या गृहस्थास एवढेच विचारावे : "तुमचे म्हणणे चूक ठरेल असा प्रयोग कोणता?"

हाच प्रश्न नारळीकरांनी फलज्योतिषालाही विचारला. सहकाऱ्यांसह घेतलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देण्यात आल्या. कोणती कुंडली बुद्धिमान मुलाची व कोणती मतिमंद मुलाची, हे ओळखावयाचे होते. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते, तरी ५० टक्के आली असती!

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. जडत्वाच्या मुळाचा प्रश्न अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. हिशेब खात्यात अधिकारी असलेले चंद्रशेखर वेंकट रामन १९१० साली याच नागपुरात नेमणुकीवर होते. नोकरी सांभाळूनही त्यांची जिज्ञासा शमली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, बादली व दोरी कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत मिळेल. मुलांना तो प्रयोग करू द्या. "पाणी कशाच्या सापेक्ष फिरते?" असे एखाद्याने विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, आणि त्याच्याबरोबर शोधू लागा.