चुन्याची साक्ष

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचा गौरव पुष्कळ झाला, व तो योग्यच होय. आज आम्ही त्यांच्या चुन्याविषयीं चार शब्द सांगणार आहों. आपल्या देवळाच्या भिंतींची डागडुजी लवकरच हातीं घ्यावयाची आहे. जुना गिलावा एकदां सरसकट खरडून टाकला, कीं त्यांत काय होतें हें सांगणारा साक्षीदार पुन्हां मिळणार नाहीं. म्हणून ही गोष्ट आधींच बोलणें बरें.

चुनखडी किंवा समुद्राचे शिंपले भट्टींत भाजले म्हणजे कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विरवून वाळूबरोबर घोटला, कीं गवंड्याचा चुना तयार होतो. आणि भिंतींत बसल्यावर हवेंतील कर्बाम्लवायु हळूहळू शोषून तो पुन्हां दगडासारखा बनतो. परंतु जुने कारागीर तेवढ्यावर थांबतच असें नाहीं. गूळ, हिरड्याचें पाणी, उडदाचें पीठ, अंड्याचा पांढरा बलक, अशीं नांवें आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतों. फिलिपाईन्स बेटांतील स्पॅनिश अमदानीच्या देवळांविषयींहि अंड्यांची अशीच कथा सांगतात. या वस्तूंना गुण आहेत. साखरेनें चुना पाण्यांत अधिक विरघळतो व सावकाश आवळतो. प्रथिनांमुळें त्यांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे राहतात. तेलाचा चुन्याशीं साबण बनून पाणी बाहेर रोखलें जातें.

तथापि गुण असणें निराळें, आणि अमुक भिंतींत ती वस्तु असणें निराळें. वसईच्या किल्ल्यांतील देवळें १७३९ च्या युद्धानंतर ओसाड पडलीं, छपरें गेलीं, तरी कित्येक भिंती आजहि उभ्या आहेत. हें पाहून कोणी लगेच गुळाचें नांव घेतो. पण चांगला भाजलेला चुना, जाड भिंत व कसलेला हात यांनींहि भिंत टिकते. टिकाऊपणा हा गुळाचा पुरावा नव्हे.

पुरावा कसा शोधावा, याचा उत्तम दाखला चीन देशांत सांपडतो. तेथें सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं चुन्यांत चिकट तांदळाची पेज घालण्याची रीत पडली, असें मानतात. हांगझोऊ येथील झेजियांग विद्यापीठाचे झांग बिंगजियान व त्यांचे सहकारी यांनीं प्राचीन चुन्याचे नमुने तपासून २०१० सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या परीक्षांपैकीं एक अगदीं साधी आहे, ती म्हणजे आयोडीनची. साध्या तांदळाचें पिष्ट आयोडीननें निळें होतें; चिकट तांदळांत बहुतेक सारें पिष्ट ॲमिलोपेक्टिन नांवाचें असतें, व त्याचा रंग तांबूस तपकिरी येतो. पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं असें दिसलें, कीं हें ॲमिलोपेक्टिन चुन्याच्या स्फटिकांना मोठें होऊं देत नाहीं. ते बारीक व दाट बसतात, आणि म्हणून चुना घट्ट होतो. कथेला येथें प्रयोगाचा दुजोरा मिळाला.

मात्र प्रत्येक वस्तु अशी सहज कबुली देत नाहीं. गूळ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय त्यांतील मुख्य साखर अगोदर अम्लानें फोडल्यावांचून बेनेडिक्टच्या द्रावणास उत्तर देत नाहीं. प्रथिन आढळलें, तरी तें अंड्याचें, दुधाचें कीं सरसाचें, हें ठरविण्यास अधिक सूक्ष्म परीक्षा लागतात. उलट पक्षीं, पक्ष्यांची विष्ठा, बुरशी, रंगांतील डिंक, मेणबत्तीचें मेण यांमुळें जें मुळांत नव्हतेंच तेंहि आढळूं शकतें. म्हणून सांपडलें नाहीं एवढ्यावरून घातलें नव्हतें असें म्हणूं नये; आणि सांपडलें एवढ्यावरून पूर्वजांनींच घातलें असेंहि म्हणूं नये.

यास्तव आमचें सांगणें थोडकें आहे. गिलाव्याला हात लावण्यापूर्वीं जाणत्या रसायनज्ञाच्या सल्ल्यानें नमुने घ्यावे. ते पृष्ठभागावरचे नसून आंतले असावे. स्वच्छ हत्यारानें काढावे, उघड्या हातानें हाताळूं नयेत. कोणत्या भिंतीचे, किती उंचीवरचे, हें प्रत्येकाबरोबर लिहून ठेवावें. वृद्ध गवंड्यांच्या व आजीआजोबांच्या आठवणीहि त्याच वहींत नोंदवाव्या, कारण काय शोधावें हें त्याच सांगतात. शोधाचा निकाल कांहींहि येवो, जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा लेप मात्र देऊं नये. तो कठीण असतो व ओल आंत कोंडतो. मग क्षार सांचून शेजारचा मऊ चुना व दगड झडूं लागतो. चुन्याच्या भिंतीस चुनाच मानवतो.

ज्या हातांनीं हा चुना घोटला, त्यांचीं नांवें आपल्या वह्यांत फारशीं नाहींत. त्यांनीं काय कालवलें, किती घोटलें, याची नोंद भिंतींतच आहे. ती वाचण्यापूर्वीं पुसून टाकूं नये, एवढेंच आमचें या महोत्सवीं मागणें आहे.