उपचार संपल्यानंतरची वाट

(जागतिक कर्करोग दिनानिमित्त एका तालुक्याच्या गावी भरलेल्या महिला आरोग्य मेळाव्यात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या निवृत्त माध्यमिक शिक्षिका असून त्यांनी स्वतः स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेले आहेत.)



मी वैद्यकशास्त्राची अभ्यासक नाही. तीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवले. तेव्हा माझ्याकडून रोगाचे निदान वा शस्त्रक्रिया यांची शास्त्रीय माहिती आपण अपेक्षू नये. ती सांगण्यास अधिकारी व्यक्ती येथे उपस्थित आहेत. मी बोलणार आहे ते उपचार संपल्यानंतरच्या काळाविषयी. या काळाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार यांतून बाहेर पडलेली बाई घरी येते, तेव्हा सर्वांना वाटते की संकट टळले. तिला मात्र तसे वाटत नाही.

माझ्या किरणोपचाराचा शेवटचा दिवस मला स्पष्ट आठवतो. यजमानांनी पेढे आणले होते. धाकट्या जाऊबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे घर आनंदात असताना मी न्हाणीघरात जाऊन रडले. कारण असे की, आठ महिने कोणी ना कोणी मला तपासत होते, रक्त घेत होते, औषध देत होते. उद्यापासून मला कोण पाहणार, या विचाराने माझ्या पायांतले बळ गेले. पुढे अनेक भगिनींशी बोलताना मला कळले की, ही अवस्था माझी एकटीची नव्हती.

भीतीचे स्वरूप

या भीतीचे नाव एकच : रोग परत येईल काय? पाठीत उसण भरली तरी तो हाडांत गेला असे वाटते. खोकला झाला तर फुप्फुसांत, आणि डोके दुखले तर मेंदूत! तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून झोप उडते. घरातील माणसे म्हणतात, ‘आता कशाला तो विषय?’ त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु त्यामुळे बाई अधिकच एकटी पडते.

माझ्या डॉक्टरांनी मला एक साधा नियम घालून दिला. दुखणे नवे असेल, दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल आणि वाढत चालले असेल, तर तारखेची वाट न पाहता दाखवायला यावे. एरवी ते वहीत टिपून ठेवावे. मी शाळेतल्या जुन्या टाचणवहीत नोंदी करू लागले. वर्षअखेर ती वही चाळली, तेव्हा मी लिहिलेल्या तेवीस दुखण्यांपैकी एकवीस आपोआप गेलेली होती. उरलेली दोन कशाची होती ते पुढे सांगते. मात्र स्तनात वा काखेत नवी गाठ, शस्त्रक्रियेच्या जागी त्वचेवर बदल, सतत वजन घटणे किंवा धाप लागणे, यांसाठी दोन आठवडेही थांबू नये.

‘सगळ्या शरीराचे फोटो दर सहा महिन्यांनी काढून टाका, म्हणजे मनाला शांतता’, असा आग्रह मीही धरला होता. त्यावर मला समजावून सांगण्यात आले की, इटलीमध्ये याच प्रश्नावर मोठे अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांच्या वरचेवर अशा तपासण्या केल्याने त्यांचे आयुष्य वाढत नाही, असे त्यांत दिसून आले. डॉक्टरांची ठरलेली तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम, हा सर्वसाधारण क्रम आहे. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढली दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी, आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटावयाचे. ही तारीख मात्र चुकवायची नाही.

गोळीची गोष्ट

स्तनाचे अनेक कर्करोग स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकावर पोसले जातात. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ सालीच बीजांडकोश काढून टाकल्यावर काही स्त्रियांचा हा रोग मागे हटल्याचे नोंदवले होते. पुढे विसाव्या शतकात हेच काम करणाऱ्या गोळ्या निघाल्या. त्यांपैकी टॅमॉक्सिफेन हे औषध मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधले जात होते. त्या कामी ते निरुपयोगी ठरले आणि कर्करोगावर मात्र गुणकारी निघाले. ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना पुष्कळदा लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या देतात. त्या शरीरात इस्ट्रोजेन तयार होणेच जवळजवळ थांबवतात.

ही गोळी रोज एक, अशी किमान पाच वर्षे घ्यावयाची असते. ज्यांचा रोग संप्रेरकावर पोसणारा आहे, अशा स्त्रियांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष २०११ साली सांगून गेले. एवढ्याशा गोळीचे एवढे मोल आहे, हे मला आरंभी कोणी सांगितले नाही. ‘ही रोज घ्या’ एवढेच सांगून चिठ्ठी हाती देण्यात आली. तिचे दुष्परिणाम काय होतील, हेही कोणी बोलले नाही.

आता मी माझ्या चुकीकडे येते.

लेट्रोझोल सुरू होऊन तीन महिने झाले आणि सकाळी उठल्यावर माझ्या बोटांची मूठ वळेना. खडू हातातून निसटू लागला. जमिनीवरून उठताना गुडघे धरून बसावे लागे. नोंदवहीतली उरलेली दोन दुखणी ती हीच, बोटांचे आणि गुडघ्यांचे. मला वाटले, रोग हाडांत उतरला. विचारावयाचे धैर्य झाले नाही. पण मनात असेही आले की हा गोळीचा ताप असेल. आणि कोणास न सांगता मी गोळी बंद केली. सात आठवड्यांत बोटे मोकळी झाली. परंतु रात्री दुसरी भीती उशाशी येऊन बसली : आता रोगाला अडवणारे कोणीच नाही.

पुढच्या तपासणीस डॉक्टरांनी विचारले, ‘गोळी रोज घेता ना?’ मी ‘हो’ म्हटले. उभ्या आयुष्यात मुलांना खोटे बोलू नका म्हणून सांगत आले, आणि स्वतःच्या जिवाच्या बाबतीत खोटे बोलले! माझे खोटे पकडले ते तेथील परिचारिकेने. औषधाच्या नोंदीत दोन महिन्यांच्या गोळ्या नेल्याच नव्हत्या. ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘बाई, तुम्ही गोळ्या बाहेरून घेता की घेतच नाही? मी रागावणार नाही. पण डॉक्टरांना खरे कळले पाहिजे.’ मी तिच्यासमोर रडले आणि सर्व सांगितले.

डॉक्टर रागावले नाहीत. दोन्ही हातांत सारखेच दुखणे, सकाळी अधिक ताठरपणा, हालचालीनंतर उतार, ही गोळीमुळे होणाऱ्या सांधेदुखीची लक्षणे असल्याचे त्यांनी तपासून सांगितले. इस्ट्रोजेन घटल्याने असे होते आणि असे पुष्कळ स्त्रियांना होते. एक गोळी सोसवत नसेल तर काही आठवडे विश्रांती देऊन त्याच जातीची दुसरी गोळी देता येते, नाहीतर टॅमॉक्सिफेनचा विचार करता येतो. माझी गोळी बदलली. रोज अर्धा तास चालणे व हातापायांचे व्यायाम सुरू झाले. सांधेदुखी पूर्ण गेली नाही. पण निम्म्याहून खाली आली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी फळ्यावर लिहिले.

दुष्परिणामांशी व्यवहार

भगिनींनो, अनुभवाने व डॉक्टरांच्या सल्ल्याने शिकलेल्या काही गोष्टी सांगते.

अंगातून उष्णतेच्या लाटा जाणे ही सर्वांत सामान्य तक्रार होय. सुती वस्त्रे, उशाशी माठाचे पाणी, रात्री तिखट व गरम चहा टाळणे, यांनी थोडा उतार पडतो. फारच त्रास असेल तर त्यावर संप्रेरकरहित औषधे आहेत. मात्र कोणाच्या सांगण्यावरून संप्रेरके असलेल्या गोळ्या घेऊ नयेत. नैराश्यावरील काही औषधे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात; म्हणून गोळी, काढा, चूर्ण, जे काही पोटात जाते ते सर्व डॉक्टरांना दाखवावे.

लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. हाडांची घनता मोजून घ्यावी, सांगितल्याप्रमाणे कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घ्यावे. नाचणी, तीळ, दूध आहारात असावे.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीस पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो लाजेपोटी लपवू नये. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी आवश्यक असते. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी हे त्याचे कारण असू शकते.

काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. शेतात, भांडी घासताना हातमोजे वापरावेत. जखम झाल्यास ती लगेच धुवावी. हात अजिबात न हलवणे मात्र हितावह नाही. शिकवलेला व्यायाम हळूहळू वाढवावा.

पतिपत्नींच्या संबंधांतही कोरडेपणामुळे अडचण येते. यावर बोलण्यास आपणास संकोच वाटतो. परंतु उपाय आहेत, आणि ते विचारल्यावाचून मिळत नाहीत.

लपवू नका

आपल्याकडे हा रोग लपवला जातो, कारण मुलीचे लग्न अडेल ही धास्ती. वस्तुतः शंभरांतील पाच ते दहा रुग्णांतच तो आनुवंशिक असतो. तो स्पर्शाने होत नाही, ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही, आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नव्हे. बाईने गप्प राहून तो बरा होत नाही. उलट तपासण्या तेवढ्या चुकतात.

मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा खेड्यातल्या बाईला मुंबई परदेशासारखीच होती. आज कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याच्याकडे चौकशी करावी. मनाचा भार असह्य झाल्यास १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर बोलता येते. तिथे बोलणे हा दुबळेपणा नव्हे.

माझी पाच वर्षे येत्या आषाढात पुरी होतील. गोळी थांबवावी की आणखी काही वर्षे चालू ठेवावी, हे डॉक्टर माझ्या रोगाचे व हाडांचे मान पाहून ठरवतील. काही स्त्रियांना टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षे घेतल्याने अधिक लाभ होतो, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे तेरा हजार स्त्रियांच्या अभ्यासात दिसले आहे. गंमत पाहा, जी गोळी मी चोरून टाकली, ती थांबण्याच्या कल्पनेनेच आज मला धास्ती वाटते! भीती गेलेली नाही. फरक इतकाच की, आता ती मी वहीत लिहिते, घरात बोलते आणि तारखेला डॉक्टरांच्या समोर ठेवते.

येथून घरी गेल्यावर आपल्या ओळखीच्या, उपचार संपलेल्या एका तरी बाईकडे जा. ‘आता बरी आहेस ना?’ असे विचारू नका. त्याला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘गोळीचा त्रास होतो का?’ असे विचारा, आणि ती बोलेल तेवढा वेळ बसा.