भट्टीत गेल्यावर ताकद कमी होते, आणि तेच हवं असतं

२०२५ च्या आयफोन एअरचं चार्जिंग पोर्ट टायटॅनियमचं आहे, आणि तेही थ्रीडी प्रिंट केलेलं. हे वाचून मी या विषयात शिरलो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिल्याच तक्त्यापाशी अडकलो.

टायटॅनियमचा सर्वात जास्त वापरला जाणारा मिश्रधातू घ्या: ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. विमानात हाच, खुब्याच्या कृत्रिम सांध्यातही हाच. लेझर प्रिंटरमधून निघाल्यावर तो साधारण १२०० मेगापास्कल ताण सोसतो. मग ८०० अंश सेल्सियसला दोन तास भट्टीत ठेवून सावकाश गार केला, की आकडा हजाराच्या आसपास येतो. म्हटलं, टायपो असणार. पैसे खर्चून ताकद कमी कोण करेल?

आता लोहार आठवा. तो तापलेल्या विळ्याला पाणी देतो. धार कडक होते, पण नुसतं पाणी देऊन सोडलं तर विळा ठिसूळ राहतो. प्रिंटरमध्ये असंच काहीसं आपोआप घडतं. लेझर पावडरचा केसाहून पातळ थर वितळवतो आणि खालचा घट्ट धातू ती उष्णता क्षणात ओढून घेतो. आतल्या स्फटिकांना नीट बसायला वेळच मिळत नाही. सुयांसारखी रचना तयार होते, तिला मार्टेन्साइट म्हणतात. ताकद भरपूर, पण तुटण्याआधी ताणलं जायची तयारी कमी. शिवाय आत ताण कोंडलेला. काही वेळा प्लेटवरून कापताच तुकडा वाकतो!

भट्टीत तो ताण सुटतो, सुयांच्या जागी जाडसर, स्थिर पट्ट्या येतात. फक्त भट्टीत हवा नको. निर्वात किंवा आर्गॉन हवा, नाहीतर टायटॅनियम ऑक्सिजन शोषतं आणि वरचा थर ठिसूळ होतो.

आता खुब्याचा विचार करा. वर्षाला साधारण दहा लाख वेळा त्यावर भार येतो. एकच मोठा झटका नाही, छोटे झटके, लाखो. तिथे घात करतात ती आतली बारीक छिद्रं. म्हणून साधारण ९२० अंशांना, हवेच्या हजारपट दाबाच्या आर्गॉनमध्ये तुकडा दाबतात आणि ती छिद्रं मिटतात. पृष्ठभागावर उघडणारी मात्र मिटत नाहीत, कारण गॅस त्यांच्या आतही शिरतो. शिवाय खडबडीत पृष्ठभागावरूनही तडा सुरू होऊ शकतो. म्हणून जिथे भार जास्त, तिथे तो घासून गुळगुळीत करावा लागतो.

तर मंडळी, एका आकड्याला ताकद समजू नका. पुढच्या वेळी कुणी थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमची बढाई मारली, की एवढंच विचारा: 'भट्टीतून काढलंय का?'

भेटू पुढच्या भागात!