वरसईच्या भटजींची साक्ष



नानाखेड्याच्या बसस्थानकावरून आज आपण सहज ग्वाल्हेर-झाशीची वाट धरतो. १८५७ साली याच माळव्यातून पायी गेलेल्या एका मराठी माणसाविषयी मला बोलायचे आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरी कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याचे कळले, तेव्हा दक्षिणेच्या आशेने ते काकांसह निघाले. इतिहास पाहावयास ते निघालेच नव्हते. इतिहास त्यांना वाटेत भेटला.

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज झाशीत शिरली तेव्हा विष्णुभट शहरातच होते. जीव मुठीत धरून लपलेल्या या भिक्षुकाने कत्तल पाहिली आणि लुटीचा क्रमही टिपला. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, कापडचोपड, शेवटी धान्य. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नासाडीबद्दल ते हळहळून लिहितात. प्रत्यक्ष मरण दारात उभे असताना पोथ्यांसाठी जीव तुटणारा साक्षीदार ग्रंथालयाच्या माणसांना आपला वाटावा, यात नवल नाही. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना थकलेली, धुळीने माखलेली राणी लक्ष्मीबाई दिसली. ते पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणास हे कष्ट नकोत म्हणून तिने स्वतः पोहरा ओढला. असा तपशील कोणत्या लष्करी खलित्यात सापडणार?

मात्र साक्षीदार म्हणजे सर्वज्ञ नव्हे. राणीच्या मृत्यूची हकीगत विष्णुभटांनी ऐकून लिहिली आहे. इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी ८४ कलमे काढल्याची त्यांची कथाही तशीच ऐकीव. इतिहास म्हणून ती टिकत नाही, पण त्या काळी लोक काय खरे मानीत होते याचा तो अस्सल पुरावा आहे. पाहिलेले आणि ऐकलेले निवडून घेण्याचे काम वाचकाचे. ते काम संपादकाने परस्पर उरकू नये, असे माझे मत आहे.

कारण नेमके तेच घडले. घरी परतल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, विष्णुभटांनी हे सारे लिहून काढले. वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तो भाषा बदलून आणि मजकुरात फेरफार करून. वैद्यांचे उपकार मोठेच. त्यांच्यावाचून हे पुस्तक लिहिलेच गेले नसते. काळही इंग्रजी अमलाचा होता. तरी भटजींचा मूळ मजकूर वाचकांच्या हाती पडण्यास १९६६ साल उजाडावे लागले. दत्तो वामन पोतदारांनी तो हस्तलिखितावरून प्रसिद्ध केला. मधली एकोणसाठ वर्षे आपण भटजींना वैद्यांच्या तोंडून ऐकत होतो.

मंडळी, आपल्या उज्जैनीतही साक्षीदार आहेत. १९५६ साली मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले, १९७५ साली आणीबाणी आली. हे दिवस अनुभवलेली वडीलधारी माणसे अजून कित्येक घरांतून आहेत. दरवर्षी त्यांतली काही उणी होतात. ग्रंथालयाने त्यांच्याकडे माणूस पाठवावा. ते कोठे उभे होते, स्वतः काय पाहिले, काय कानावर आले, एवढे विचारावे आणि सांगतील तसे उतरून घ्यावे. आपल्या घरांतल्या मराठीत माळवी आणि हिंदी शब्द पुष्कळ मिसळले आहेत. पुण्याच्या मराठीशी जुळवण्यासाठी ते कृपा करून सुधारू नयेत.