हंस कोणाचा?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून काही बांधवांनी आम्हाला विहाराच्या पायरीवरच गाठले. "साहेब, हे रोमा कोण? आणि त्यांच्या प्रत्यार्पणाशी आपल्या मंडळाचा काय संबंध?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या मुलांनाही ठाऊक असलेल्या एका गोष्टीपासून सुरू करू या.

देवदत्ताच्या बाणाने हंस घायाळ झाला. सिद्धार्थाने बाण काढला आणि त्याला जवळ घेतले. देवदत्त म्हणाला, शिकार माझी, मला परत दे. सिद्धार्थाने नकार दिला. वाद लवादापुढे गेला आणि निकाल वाचवणाऱ्याच्या बाजूने लागला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा दिलेली आहे. आमच्या मते हा प्रत्यार्पणाचाच खटला होता. मागणारा होता, आश्रय देणारा होता, आणि मधे एक जखमी जीव होता.

आता रोमांविषयी. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला 'पानी', कानाला 'कन' आणि नाकाला 'नख' म्हणतात. आजच्या रुमानियाच्या भूमीवर ते शतकानुशतके गुलाम होते. ती गुलामगिरी १८५६ साली संपली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झच्या छळछावणीत चार हजारांहून अधिक रोमा स्त्री-पुरुष-मुलांना विषारी वायूने मारण्यात आले. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. त्यांच्या निळ्या-हिरव्या ध्वजावर चक्र आहे. हंगेरीतील काही रोमांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले, ते महाराष्ट्रात येऊन गेले आणि त्यांनी बुद्धधम्म स्वीकारला. ओर्शोश यानोश आणि देरदाक तिबोर यांनी २००७ साली शायोकाझा या गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. आपला संबंध तो हा.

त्याच हंगेरीत झामोय नावाचे गाव आहे. १९९७ साली वादळात रोमांच्या घरांचे नुकसान झाले, तेव्हा ग्रामप्रशासनाने ती घरेच पाडून टाकली. कुटुंबे वणवण फिरली. त्यांचे नेते क्रासनाई योझेफ यांनी आवाज उठवला. शेवटी २००० च्या जुलैमध्ये ही मंडळी फ्रान्समधील स्ट्रासबर्गला गेली, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावले आणि आश्रय मागितला. मार्च २००१ मध्ये फ्रान्सने त्यांच्यापैकी पंधरा जणांना निर्वासित म्हणून मान्यता दिली. हंगेरीसारख्या लोकशाही देशातही माणसाचा छळ होऊ शकतो, हे एका दुसऱ्या लोकशाही देशाने मान्य केले.

परंतु सर्वांचे नशीब असे नव्हते. १९९९ साली बेल्जियममधील गेंट येथे स्लोव्हाकियाच्या रोमांना पोलिसांनी पत्रे पाठवली, की तुमच्या आश्रयाच्या अर्जाची कागदपत्रे पूर्ण करायची आहेत, ठाण्यावर या. विश्वासाने ते गेले. तेथेच त्यांना अटक झाली आणि ५ ऑक्टोबरला विमानात बसवून परत पाठवण्यात आले. एका कुटुंबाने दाद मागितली. ५ फेब्रुवारी २००२ रोजी मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला, की अशी फसवून केलेली अटक आणि सामूहिक हकालपट्टी बेकायदा आहे. निकाल न्यायाचा लागला, पण विमान केव्हाच उडून गेले होते.

ही हद्दपारी झाली. प्रत्यार्पण याहून अवघड. त्यात मायदेश म्हणतो, हा आमचा आरोपी आहे, खटल्यासाठी परत द्या. आपल्याकडे अत्याचाराची फिर्याद दिली की चार दिवसांत फिर्यादीवरच मारहाणीची उलट केस पडते, हे आपण जाणतो. असाच कार्यकर्ता देश सोडून गेला आणि त्याच्या मागे तो गुन्हा गेला, तर काय? बँकेत कारकुनी करताना आम्ही एक धडा शिकलो. कागद बिनचूक असला म्हणजे व्यवहार खरा असतोच असे नाही. सही जुळते, शिक्का जुळतो, तरीही मागणीमागचा हेतू पाहावा लागतो.

कायद्याने हे ओळखले आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे ३३ वे कलम सांगते, की वंश, धर्म किंवा मतामुळे ज्याच्या जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे, त्याला तेथे परत लोटू नये. १९५७ च्या युरोपीय प्रत्यार्पण करारात तर स्पष्टच आहे, की साध्या गुन्ह्याच्या नावाखाली केलेली मागणी प्रत्यक्षात वंशामुळे वा मतामुळे शिक्षा करण्यासाठी असेल, तर आरोपी सोपवू नये.

मात्र वाट अरुंद होत गेली. १९९७ च्या ॲमस्टरडॅम कराराला जोडलेल्या एका मसुद्याने युरोपीय संघातील देश एकमेकांसाठी सुरक्षित ठरले. हंगेरी २००४ साली संघात आली आणि तेथील रोमाला शेजारच्या सदस्य देशात आश्रय मिळणे जवळजवळ अशक्य झाले. २००२ च्या नव्या अटक वॉरंटाने आरोपी सोपवण्याचा निर्णय मंत्रालयाकडून न्यायालयाकडे गेला, पण तो झटपटही झाला. २००८ आणि २००९ मध्ये हंगेरीत वर्णद्वेष्ट्यांनी सहा रोमांचे खून केले; त्यात एक लहान मुलगाही होता. कागदावर मात्र देश सुरक्षितच राहिला. पुढे २०१६ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले, की मागणाऱ्या देशाच्या तुरुंगात अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल, तर आरोपी सोपवणे थांबवावे. तेवढी फट उघडी राहिली.

कोणी म्हणेल, मग गुन्हेगारांनी चळवळीचे कवच घालावे काय? मुळीच नाही. देवदत्ताचेही म्हणणे लवादाने ऐकले होते. आम्ही सुनावणी मागतो, माफी नव्हे. कार्यकर्त्याने तक्रार कधी केली, त्याच्यावर गुन्हा कधी दाखल झाला, त्याच घटनेतील हल्लेखोरांचे काय झाले, एवढे न्यायाधीशाने विचारावे. आणि विचारीपर्यंत विमान थांबवावे.

आपण येथून काय करणार? १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या त्यांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. दूरच्या दलितांची चौकशी करणे ही आपली जुनी परंपरा आहे. आपल्या देशाने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तरीही १९५९ साली दलाई लामांना आश्रय दिला. आमची विनंती एवढीच, की जयंतीच्या सप्ताहात ८ एप्रिलला रोमांचे स्मरण करावे, शायोकाझाच्या बांधवांशी पत्रव्यवहार ठेवावा, आणि एखाद्या रोमा कार्यकर्त्याला परत पाठवण्याची बातमी आली तर मंडळाने ठराव करून त्या देशाच्या वकिलातीकडे निवेदन द्यावे. लखोट्याचा आणि टपालाचा खर्च आपल्याला जड नाही.

हंस बोलू शकत नव्हता. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागले.

नमो बुद्धाय. जयभीम.