अंदाजपत्रकात आधी पुस्तक



व्याख्यानमालेत ग्रंथांवर आणि ग्रंथकारांवर पुष्कळ बोललं जातं. ग्रंथालयाच्या जमाखर्चावर बोलायचं तर ऐकायला कोण येणार, असा एक समज आहे. तो तुम्ही आज खोटा ठरवलात, याचा मला मनापासून आनंद आहे.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. त्याआधी मद्रास प्रांताने 1948 मध्ये आणि पुढे कर्नाटकाने 1965 मध्ये कायदे केले, त्यांत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. आपण अनुदानाची वाट धरली. त्यामुळे ग्रंथालयं गावातल्या लोकांच्या संस्थांकडेच राहिली. हे मला फार मोलाचं वाटतं. पण पैशाची शाश्वती आपल्याला त्या वाटेवर मिळाली नाही, हेही खरं.

सगळ्यात लहान, म्हणजे ‘ड’ वर्गाचं खेड्यातलं ग्रंथालय घ्या. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली तेव्हा त्याचे वर्षाचे 30 हजार रुपये 48 हजार झाले. त्यातला निम्मा वाटा वेतनाचा, म्हणजे महिन्याला 2 हजार. एवढ्यावर एक माणूस रोज कुलूप उघडतो, केर काढतो, पुस्तकं देतो-घेतो, नोंदी ठेवतो. राहिले 24 हजार. दैनिकाचा अंक पाच रुपयांना धरला तरी चार दैनिकांचे वर्षाला सात हजारांवर जातात. मग साप्ताहिकं-मासिकं, वीजबिल, हिशेब तपासनिसाचं शुल्क, छापील फॉर्म, एखाद्या कपाटाची दुरुस्ती. आणि सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर, पुस्तक!

माझं सगळं म्हणणं या ‘उरलं तर’वर आहे. खर्चाच्या बाजूला पहिली ओळ ग्रंथखरेदीची लिहा. रक्कम लहान असेल तर लहान लिहा, पण ती आधी ठरवा आणि बाकीची शीर्षं तिच्याभोवती बसवा. ती ठरवायची कशावरून? गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवून नव्हे. जानेवारीत देवघेवीची नोंदवही काढून बसा. कोणती पुस्तकं सारखी बाहेर असतात, कोणती सुटी होऊन बांधणीला आली आहेत, बालविभागात मुलं काय मागतात आणि रिकाम्या हातांनी परत जातात, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना किती जुनी आवृत्ती वाचावी लागते, हे त्या वहीत आणि ग्रंथपालाच्या डोक्यात असतं. ग्रंथपालाला न विचारता कार्यकारी मंडळाने अंदाजपत्रक करणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला वाचक माहीत आहेत, तोच त्या बैठकीत नसतो!

जमेच्या बाजूलाही जपून. सभासदांची अनामत हे उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. सभासदत्व सोडताना ती परत करायची असते. ती चालू खर्चात मिळवली की शिल्लक दिसते आणि नसते. दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी येते आणि बहुतेक अंकांवरच जाते, तिची जमा-खर्चाची जोडी वेगळी दाखवा. अनुदान मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि वर्गाच्या मर्यादेतच मिळतं. उरलेला भार वर्गणी आणि देणग्यांनीच उचलायचा आहे, म्हणून देणगीचा आकडा आशेवर लिहू नका.

अनुदान हप्त्यांनी येतं. दुसरा हप्ता मार्चच्या तोंडावर आला तर 31 तारखेच्या आत खर्च दाखवण्यासाठी, दुकानात असतील ती पुस्तकं गठ्ठ्याने उचलली जातात. ती वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. यावर उपाय अंदाजपत्रकातच आहे. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी वर्षभर वाढवत ठेवायची, मंडळाची मंजुरी आधीच घ्यायची, आणि पैसे आले की त्या यादीबरहुकूम खरेदी करायची.

बहुतेक ग्रंथालयं सार्वजनिक न्यास आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या न्यासाने आर्थिक वर्षाच्या महिनाभर आधी, म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत, अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात सादर करायचं असतं. ते कागद करायचेच आहेत, तर तेच पानभर अंदाजपत्रक वाचनकक्षातल्या फलकावरही लावा.

तुमच्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयाचे सभासद असाल. वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. ताळेबंद मंजुरीला आला की दोनच गोष्टी विचारा: ग्रंथखरेदीसाठी तरतूद किती होती, आणि प्रत्यक्षात पुस्तकं कितीची आली?