जागरूकतेचा अवधी

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी विमानातील रडारच्या पडद्यावर तासन्‌तास दृष्टी खिळवून बसणाऱ्या ब्रिटिश वायुदलाच्या सैनिकांचे लक्ष हळूहळू का ढळते, या प्रश्नाचा छडा केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एका साध्या यंत्राच्या साहाय्याने लावला. कोऱ्या तबकडीवर एक काटा दर सेकंदाला एक टप्पा सरके आणि क्वचित, पूर्वसूचनेवाचून, दोन टप्प्यांची उडी घेई. ती उडी दिसताच कळ दाबावयाची, एवढेच काम दोन तास करावयाचे. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या नजरेतून निसटू लागल्या. परंतु अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली असता ही घसरण टळते, असे त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले.

पुढे अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रशांत महासागरावरील प्रदीर्घ उड्डाणांत, सहकाऱ्यांकडे विमानाचा ताबा असताना, वैमानिकांना पाळीपाळीने आसनावरच ४० मिनिटांची विश्रांती दिली. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली. आणि ज्यांना ही सवड मिळाली नाही, त्यांना विमान उतरण्यापूर्वीच्या अखेरच्या दीड तासात नकळत डुलक्या अधिक आल्या.

म्हणून रेल्वे, रुग्णालये आणि कारखाने यांच्या अंमलदारांना आग्रहाची विनंती अशी की, रात्रपाळीतील विश्रांतीस मेहेरबानी न समजता सुरक्षिततेच्या बंदोबस्ताचे आवश्यक कलम मानावे.